माणशी एकवीस लिटर

१

चिंचकुंड गावाचा गठ्ठा कपाटातून गायब झालाय, असं राजेंद्रनं फोनवर सांगितलं तेव्हा सोमवारचे साडेनऊ वाजले होते आणि मी आदल्या दिवशीची पोळी चहात बुडवून खात होते. निवृत्त झाल्यापासून तीन वर्षांत माझा फोन वाजतो तो बहुतेक गॅसवाल्याचा, नाहीतर चुकून लागलेला. त्यामुळे गठ्ठा गेल्याचं ऐकून वाईट वाटायच्या आधी मला बरं वाटलं, हे कबूल करून टाकते.

राजेंद्र एकेकाळी माझ्या हाताखाली होता. सरकारात आम्ही आकडे गोळा करायचो. घरं, विहिरी, बैलजोड्या, जे मोजता येईल ते. आता तो मराठवाडा शाश्वत विकास मापन केंद्र नावाच्या संस्थेचा संचालक आहे. नाव तोंडभर असलं तरी काम समजायला सोपं आहे. जिल्ह्यातल्या तीनशे गावांत पाणी, वीज, सरपण कोण जपून वापरतं, कचरा कोण कमी करतं, झाडं कोण जगवतं, हे मोजायचं आणि गावांचे क्रमांक लावायचे. पहिल्या गावाचा थाटात सत्कार करायचा, म्हणजे बाकीची गावं त्याचं बघून सुधारतील अशी आशा. यंदा बिडकीनच्या पलीकडचं चिंचकुंड पहिलं आलं होतं. एकेचाळीस घरं, एकशे सत्त्याऐंशी माणसं आणि पाणी माणशी रोज एकवीस लिटर. तेवढ्यात माझी नुसती आंघोळ आणि भांडी होतात. सत्कार येत्या शुक्रवारी ठरला होता.

पुंडलिकनगरातून रिक्षानं केंद्रात पोचेपर्यंत अकरा वाजले. राजेंद्रनं केबिनचं दार लावून घेतलं आणि शनिवारी टपालानं आलेलं एक पत्र माझ्यापुढं ठेवलं. वहीचा रेघी कागद, टपोरं अक्षर, खाली नाव नाही.

“साहेब, चिंचकुंडचा आकडा खरा नाही. कार्यक्रम करू नये. लिहून घ्यायला आलेल्या पोरीची यात चूक नाही.”

शनिवारी ते केंद्रात सगळ्यांच्या हातून फिरलं होतं, आणि सोमवारी सकाळी त्यानं कपाट उघडलं होतं. बाकीच्या दोनशे नव्व्याण्णव गावांचे भरलेले फॉर्म गठ्ठे बांधून जागेवर होते. चिंचकुंडचे तेवढे नव्हते.

लिहून घ्यायला गेलेली पोरगी म्हणजे करुणा, केंद्राची पाहणी करणारी मुलगी. राजेंद्रच्या डोक्यात सगळं आधीच ठरलं होतं. करुणानं गावात न जाता घरी बसून फॉर्म भरले, कुणाला तरी सुगावा लागला, म्हणून तिनं पुरावाच उचलला. गुरुवारी संध्याकाळपर्यंत दुसरं काही निघालं नाही तर तो तिला काढणार होता आणि तसं बाकीच्या संस्थांनाही कळवणार होता.

“मग या कामात तिला कुणी उभं करणार नाही, मॅडम,” तो म्हणाला. “मलाही वाईट वाटतं. पण खोटा आकडा म्हणजे खोटा आकडा.”

हे वाक्य त्याला मीच शिकवलं होतं. त्यामुळे मी करुणाला भेटायला मागितलं.

२

करुणा पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली होती. वय सत्तावीस, अर्थशास्त्रात एम.ए., घरी आजारी आई. तिनं रडणंबिडणं केलं नाही, त्यामुळे मला ती आवडली. चार दिवस ती त्या गावात दारोदार फिरली होती. मी तिला आडवेतिडवे प्रश्न विचारून पाहिले. कुणाच्या दारात शेळी बांधलेली, कुणाच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे, कुणाकडे अजून चूल पेटते. तिनं सगळं न अडखळता सांगितलं. घरी बसून फॉर्म भरणाऱ्याला शेळी दिसत नाही.

मग गावाचा आकडा खोटा कसा, असं विचारल्यावर मात्र ती खाली बघायला लागली. 

“मी नियमानं लिहिलं, मॅडम. सांगतील तेच लिहायचं, असा नियम आहे ना? तेच लिहिलं.”

मी मान डोलावली आणि पुढं गेले. तिथं थांबायला हवं होतं, पण तेव्हा मला ते कळलं नाही.

दुसरे शफीकभाई. हे फॉर्मवरचे आकडे संगणकात भरतात. पंचावन्न वर्षांचे, आणि माझ्याबरोबर वीस वर्षं काम केलेले. त्यांनी आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, चहा मागवला, आणि मग दार लागलंय ना याची खात्री करून घेतली. त्यांना तो आकडा भरतानाच खटकला होता. पाच माणसांचं घर आणि महिन्याला विजेचे अकरा युनिट. त्यांनी चिंचकुंडच्या जवळजवळ प्रत्येक फॉर्मच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढून ठेवलं होतं, आणि तसं वर सांगितलंही होतं. वर म्हणजे कुणाला, असं मी विचारलं.

“वो मत पूछो मॅडम. बोल दिया था, इतना समझो. माझी दोन वर्षं राहिलीत.”

केंद्रात त्यांच्या वर दोनच माणसं होती, राजेंद्र आणि उपसंचालक अतुल. राजेंद्रचं नाव मनात आलं आणि माझा चहा तसाच राहिला. त्याच्या लग्नात मी करवलीसारखी मिरवले होते.

अतुल बत्तीस वर्षांचा, इस्त्रीच्या शर्टातला हुशार मुलगा. त्यानं मला लॅपटॉपवर रंगीत नकाशे दाखवले. हिरवं म्हणजे उत्तम गाव, लाल म्हणजे वाया गेलेलं. कागदाशी आपला संबंधच येत नाही, शफीकभाई भरतात ते आपण पडद्यावर पाहतो, असं त्यानं मला दोनदा सांगितलं. नकाशा खरोखर सुरेख होता आणि त्यात चिंचकुंड गर्द हिरवं होतं. त्यानं मला शाश्वत विकास म्हणजे काय हेही समजावून सांगितलं. तो शाळेत होता तेव्हा मी त्याच विषयावर तालुक्या-तालुक्यांत बैठका घेत होते, पण मी ऐकून घेतलं.

मग तो करुणावर आला. तिला गावकऱ्यांचं फार कळवळ्यानं बोलायची सवय आहे, असं म्हणाला. फॉर्म तिनं घरीच भरले याबद्दल त्याला शंका नव्हती. एकेचाळीस फॉर्म आणि सगळे अंगठे जांभळ्या शाईचे. केंद्र देतं त्या पॅडची शाई निळी असते, मग ही कुठली? आणि ते निनावी पत्रही तिचंच, घाबरून लिहिलेलं.

“पोरीची चूक नाही, असं दुसरं कोण लिहील, मॅडम? तुम्हीच सांगा.”

 जिना उतरताना मला वाटलं, या मुलीचं काम आता गेलंच.

३

घरी आले. कुलूप काढलं, दिवा लावला, टीव्ही लावला. टीव्ही बघायला नाही, नुसता आवाज असावा म्हणून. आई गेल्यापासून या दोन खोल्यांत माझ्याशिवाय कुणी बोलत नाही आणि मीही फारसं बोलत नाही. कधीकधी संध्याकाळी लक्षात येतं की सकाळपासून तोंडातून शब्दच गेलेला नाही. असो. त्या संध्याकाळी मला निदान विचार करायला काहीतरी होतं.

मी ते पत्र पाकिटासकट घरी आणलं होतं. पाकिटावर बिडकीनचा शिक्का, गेल्या गुरुवारचा.

चिंचकुंड पहिलं आलंय हे केंद्रातल्या लोकांना महिनाभर ठाऊक होतं. ज्याला बोंब मारायची होती त्यानं महिनाभर वाट का पाहिली? करुणाला घाबरायचं होतं तर ती तेव्हाच घाबरली असती. निकाल बाहेर गुप्त होता. वर्तमानपत्रात नाही, तहसीलला नाही, सरपंचालासुद्धा अजून कळवलेलं नव्हतं. मी राजेंद्रला फोन केला आणि केंद्राबाहेर हे कुणाला माहीत होतं ते विचारलं. त्यानं आठवून सांगितलं की गावातल्या तीन आदर्श घरांना सत्काराचं निमंत्रण गेलं होतं. गेल्या सोमवारी टपालात टाकलं, म्हणजे बुधवारी मिळालं असणार. आणि तक्रार गुरुवारची.

म्हणजे तक्रार त्या तीन घरांपैकी एकातून आली होती. ज्यांना हारतुरे मिळायचे होते, त्यांच्यातलंच कुणीतरी हात जोडून सत्कार नको म्हणत होतं.

चाळीस वर्षं आकड्यांत घालवली. आपला आकडा वाढवून सांगणारी माणसं मी पोत्यानं पाहिली. मिळालेला मान परत करायला धडपडणारं माणूस मात्र पहिल्यांदाच भेटत होतं, आणि ते मला बघायचं होतं.

४

मंगळवारी करुणाला घेऊन मी बसनं बिडकीनला आणि तिथून रिक्षानं चिंचकुंडला गेले. रस्त्याच्या डाव्या अंगाला नव्या कारखान्यांच्या निळ्या पत्र्यांच्या भिंती लांबच लांब जातात. त्या संपल्या की एकदम गाव येतं. दुपारचे बारा वाजले होते आणि गल्लीत फक्त कोंबड्या होत्या.

टाकीखाली बन्सी बसला होता. गावाला पाणी सोडायचं काम त्याचं. करुणाला पाहून तो उठला, “जय भीम” म्हणाला, आणि पॅड परत हवं का असं हसून विचारलं. मागच्या वेळी तिचं शाईचं पॅड वाळून गेलं होतं, म्हणून ग्रामपंचायतीच्या शिक्क्याचं पॅड त्यानं तिला चार दिवस वापरायला दिलं होतं. मी ते बघायला मागितलं आणि बोट टेकवलं. शाई जांभळी होती.

 ती गोष्ट मनाशी ठेवली आणि बन्सीला टाकीचं विचारलं.

“ईस हजार लिटरची हाय,” तो म्हणाला. “आदी दोन दिसाला भरावी लागायची. आता पाच दिस जात्यात. पानी वापरायला मानूस तर पायजे.”

करुणानं मान फिरवली.

गल्लीतून चालताना मी दारं बघत गेले. बहुतेक प्रत्येक दाराबाहेर पुरुषी चपलांचा एक जोड होता. नीट शेजारी शेजारी ठेवलेला, आणि वर बोटभर धूळ. आदर्श घरांपैकी सरूबाईंच्या घराला कुलूप होतं, त्या पंधरा दिवसांपासून लेकीकडे होत्या आणि निमंत्रण दाराच्या फटीत तसंच होतं. चंपाबाई आणि त्यांचे मालक खुशीत होते. शुक्रवारी दोन्ही मुलं पुण्याहून येणार म्हणून त्यांनी लाडू वळायला घेतले होते. उरल्या द्वारकाबाई.

त्या सत्तरीच्या, काटक. त्यांनी आम्हाला घोंगडीवर बसवलं आणि स्वतः चुलीपाशी बसल्या. गठ्ठा नसला तरी संगणकातून काढलेली यादी माझ्याकडे होती, तिच्यात या घरात पाच माणसं लिहिलेली होती. द्वारकाबाई, थोरला सम्यक, त्याची बायको, नात आणि धाकटा मुलगा. फळीवर एक ताट उभं होतं, एक पेला. मला वाटलं, कळलं. रेशन. कार्डावरची नावं कमी होऊ नयेत म्हणून माणसं कागदवाल्या बाईला जास्तीचीच माणसं सांगतात, हे मी जन्मभर पाहत आले. मी जरा करड्या आवाजात रेशनकार्ड मागितलं. त्यांनी पत्र्याच्या डब्यातून काढून दिलं.

कार्डावर एकच नाव होतं. पोरांनी आपली नावं केव्हाच तिकडच्या कार्डावर नेली, थोरला चाकणला, धाकटा सुरतेला. पाच सांगून या बाईला ना मूठभर गहू जास्त मिळत होता, ना काही.

मग का सांगितले?

मी कार्ड परत ठेवायला डब्यात हात घातला, तर वरच केंद्राचं निमंत्रण होतं. घडी उलगडून उलगडून मऊ पडलेलं. मी वाचलं. “आपण सहकुटुंब उपस्थित राहावे. कुटुंबातील पाचही सदस्यांचे छायाचित्र मंचावर घेण्यात येईल.”

मला समजायला वेळ लागला नाही. लागला असता तर बरं झालं असतं. मी स्वतः तीन वर्षं रोज अर्धा लिटर दूध घेते. दूधवाल्यानं एकदा विचारलं होतं, पाव लिटर देऊ का आता, आणि मी फटकन म्हणाले होते की नको, घरात माणसं असतात. ते दूध नासतं आणि मी ते झाडाला घालते.

“पत्र तुम्ही पाठवलंत,” मी म्हणाले.

“बन्सीनं लिवलं. सांगितलं म्या.” त्या चुलीतलं लाकूड मागं ओढत होत्या. “करुणानं इचारलं, आजी घरात किती. पाच म्हनलं. पाचच हायत की. येक हितं हाय, चार तिकडं हायत. त्यात खोटं काय बोलले?”

“मग पत्र कशाला?”

“दोघा पोरान्ला फोन लावले. येक येतो म्हनला आनि मग नाय म्हनला. दुसऱ्याला सुट्टी नाय.” त्यांनी चुलीतली राख सारली. “तितं वर येकलीनं उभं ऱ्हायचं, लोकांनी बाकीचे कुठंयत म्हनून इचारायचं. त्यापरीस कार्येक्रमच नको.”

करुणा उठून बाहेर गेली. मी तिच्या मागं गेले तेव्हा ती गोठ्याच्या भिंतीला टेकून उभी होती.

“तुला ठाऊक होतं,” मी म्हणाले.

“एक ताट दिसत होतं, मॅडम. कितीतरी घरांत. पण सूचनांच्या पुस्तकात लिहिलंय की पाहणी करणाऱ्यानं स्वतःचं अनुमान घालू नये, उत्तर देणारा सांगेल तेच लिहावं.” तिनं माझ्याकडे पाहिलं. “ते पुस्तक तुम्हीच लिहिलंय.”

५

बुधवारी केबिनमध्ये आम्ही पाच जण होतो. मी फळ्यावर फक्त दोन भागाकार मांडले.

वीस हजार लिटरची टाकी पाच दिवस जाते, म्हणजे गावाला रोज चार हजार लिटर लागतं. फॉर्मवरची माणसं एकशे सत्त्याऐंशी. माणशी एकवीस लिटर, आणि चिंचकुंड जिल्ह्यात पहिलं. पण मंगळवारी बन्सीनं आणि करुणानं गावात फिरून आदल्या रात्री कोण कुठं झोपलं होतं ते मोजलं. एकूण चौसष्ट माणसं. माणशी साडेबासष्ट लिटर, म्हणजे शेजारच्या कुठल्याही गावाइतकंच. वीज, सरपण, कचरा, सगळ्याचं तेच. आपण प्रत्येक आकड्याला माणसांनी भागत होतो आणि माणसं गावात नव्हती. जपून राहणारं गाव म्हणून आपण ज्याला हार घालायला निघालो होतो, ते रिकामं होत चाललेलं गाव होतं.

राजेंद्रनं दोन्ही भागाकार वहीत उतरवून घेतले. मग त्यानं गठ्ठ्याचं विचारलं.

मी अतुलकडे वळले. कागद आपण पाहतच नाही, असं त्यानं मला दोनदा सांगितलं होतं. पडद्यावर नुसते आकडे असतात, अंगठे नसतात. चिंचकुंडचे अंगठे जांभळे आहेत, हे करुणाला माहीत होतं, बन्सीला माहीत होतं आणि आकडे भरताना ज्यांनी कागद हातात धरले त्या शफीकभाईंना. शफीकभाई म्हणाले की मी अंगठ्याची शाई बघत बसत नाही आणि कुणाला सांगितलीही नाही. मग अतुलला कुठून कळली?

त्यानं फार ताणलं नाही. शफीकभाईंनी प्रश्नचिन्हं दाखवली तेव्हा नकाशा तयार झाला होता आणि पाहुण्यांना, गावाचं नाव न घालता, बोलावणी गेली होती. राहू द्या, असं तो तेव्हा म्हणाला. तक्रार आल्यावर त्याला पेन्सिलीच्या त्या खुणांची भीती वाटली. त्यानं गाडीच्या डिकीतून गठ्ठा आणून टेबलावर ठेवला आणि उभाच राहिला. मला त्याचा राग यायला हवा होता आणि आलाही. पण सगळ्यात जास्त राग माझा मलाच आला होता, आणि तो कुणावर काढता येत नव्हता.

मला वाटलं होतं की इथं संपेल. राजेंद्र मात्र कागदाचा माणूस आहे. गठ्ठा मिळाला हे खरं, तो म्हणाला, पण केंद्राच्या समितीपुढं एकशे सत्त्याऐंशी माणसांचे फॉर्म आहेत आणि सही करुणाची आहे. बन्सीची मोजणी म्हणजे तोंडी हिशेब. घरच्यांनी स्वतः नवीन फॉर्मवर खरा आकडा सांगून, आधीचाही आपणच सांगितला होता असं मान्य करून अंगठा दिला, तरच करुणानं मनाचं लिहिलं नव्हतं हे सिद्ध होईल. निदान ज्यांनी तक्रार केली त्या बाईंचा तरी. उद्या संध्याकाळपर्यंत.

“त्यांच्यावर जोर करायचा नाही, मॅडम,” करुणा म्हणाली. “नाही म्हणाल्या तर मी तशीच परत येईन.”

मी तिला हो म्हणाले. काय म्हणणार दुसरं?

६

नवीन फॉर्ममध्ये मी एक प्रश्न वाढवला. गेल्या सहा महिन्यांत या घरात रोज कोण राहिलं? त्याखाली, आधीचा आकडा घरच्यांनीच सांगितला होता, अशी ओळ घातली. आणि सूचनांच्या पानावरचा माझा जुना नियम खोडला. त्याच्या जागी लिहिलं की पाहणी करणाऱ्याला जे दिसलं तेही लिहावं. वीस वर्षांपूर्वी हे सुचायला हवं होतं. तेव्हा आई होती, घरात दोन ताटं होती.

गुरुवारी दुपारी द्वारकाबाई ओट्यावरच भेटल्या. कार्यक्रम रद्द झाल्याचं त्यांना बन्सीकडून कळलं होतं, त्यामुळे चेहरा मोकळा होता. करुणानं त्यांच्याजवळ बसून सगळं सांगितलं. तिचं काम जाईल हेही सांगितलं, पण ते अगदी शेवटी, आणि घाईघाईनं, त्यांनी ते फार मनावर घेऊ नये अशा आवाजात.

द्वारकाबाई ऐकत राहिल्या. मग मला म्हणाल्या, “ह्यो कागद सरकारात जातो?”

जातो, म्हणाले.

“मग त्याच्यात कायमचं ऱ्हानार?”

मी खोटं बोलू शकले असते. राहणार, म्हणाले.

त्या उठून आत गेल्या. आतून भांड्यांचा आवाज येत राहिला. करुणानं पेनाला टोपण लावलं आणि ती पिशवी आवरायला लागली. मी तिला थांब म्हणाले नाही. मला स्वतःला कुणी असा प्रश्न विचारला असता तर मीही आतच जाऊन बसले असते.

पाच-सात मिनिटांनी त्या बाहेर आल्या. हात धुतलेले होते, पदरानं कोरडे केलेले. त्या बसल्या आणि उजवा अंगठा पुढं केला.

“लिव. येक.”

करुणानं लिहिलं.  अंगठा घेतला. या वेळी शाई निळी होती. मी साक्षीदार म्हणून सही केली आणि तारीख घातली. गल्लीतून आणखी तीन बायका येऊन उभ्या राहिल्या होत्या. द्वारकाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्यांतली एक पुढं येऊन करुणाच्या शेजारी बसली. चार वाजेपर्यंत सत्तावीस फॉर्म झाले. त्यांतले एकोणीस एकाचे होते.

निघताना मी निरोप घ्यायला मागं वळले, तर द्वारकाबाई ओट्याच्या टोकाला बसून मोबाईल डोळ्यांजवळ धरून बटणं दाबत होत्या. त्यांना वाटलं असावं की आम्ही गेलो. फोन लागायला वेळ लागला. त्या वाट बघत राहिल्या.

“सम्या? ... व्हय, मीच. ... काय नाय रे. आज करुणा आली व्हती. तुमची नावं काढली म्या घरातून. ... नाय, रागावले नाय. कागदाचं काम व्हतं.” पलीकडून काहीतरी बोलणं झालं. त्यांनी ते नीट ऐकून घेतलं आणि मग विचारलं, “जेवलास का?”